बांधल्या चाकाची परीक्षा

पेट्रोल पंपावर मीटर शून्यावर आल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मान वळवत नाही. किराणा दुकानात, सोनाराकडे, कृषी केंद्रात, सगळीकडे माझं हेच. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी घंटा पितळेचीच आहे ना, हे आधी पाहता. हा स्वभाव वडिलांकडून आलेला नाही. वडिलांना शंका येत नसे. त्यांना पारख होती, निदान आमच्या भागात तसं मानत. बार्शीटाकळी तालुक्यातल्या आमच्या गावांमध्ये कोणाला बैलजोडी घ्यायची असली की तो माणूस आदल्या दिवशी आमच्याकडे यायचा, चहा प्यायचा आणि उद्या बाजारात चलता का म्हणून विचारायचा. वडील कधी नाही म्हणत नसत.

बैलाभोवती ते आधी न बोलता एक चक्कर मारत. मग दात, मग खुरं, मग पाठीवरून शेपटीपर्यंत दाबत नेलेला तळहात. एवढं सगळेच करतात. वडिलांची खास परीक्षा शेवटी असायची. बंडीचं एक चाक ते दोरानं करकचून बांधत, जोडी जुंपत आणि ती बंडी नांगरलेल्या काळ्या मातीतून ओढायला लावत. बांधलेलं चाक फिरत नाही, मातीत रुतून घासत येतं. अंगचोर बैल दहा पावलांत मान टाकतो किंवा सरळ बसतो. तीन फेऱ्या ओढल्या तर बैल घ्यायचा. त्यांनी पास केलेला बैल पुढे नाठाळ निघाला, अशी तक्रार घेऊन कोणी आमच्या दारात आल्याचं मला आठवत नाही.

आमची स्वतःची जोडी मात्र नुसती बांधून होती. नांगरणी ट्रॅक्टरनं, पेरणी ट्रॅक्टरनं, आणि आमच्या विहिरीवरच्या शेतात आता वांगी, मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. हा भाजीपाला पहाटेच्या लिलावाला, हर्रासीला, अकोल्यात पोचवावा लागतो, आणि त्याला बंडी उपयोगाची नाही. मी गावातल्या एकाची गाडी भाड्यानं लावायचो. माझी वांगी वाटेत कमी होतात अशी मला शंका होती, ती अजूनही आहे. शेवटी ठरवलं की जोडी विकायची, थोडी भर घालायची आणि जुनी का होईना, आपली डिझेल पिकअप घ्यायची. वडिलांनी विरोध केला नाही. जोडी गेली त्या दिवशी ते सकाळी शेतात गेले ते संध्याकाळी आले, आणि पुढचे काही दिवस विचारलं तेवढंच बोलले.

गाडी शोधली भाऊजींनी. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, ताईचे, यजमान. ते बडनेऱ्याला रेल्वेत डबे दुरुस्तीच्या कामावर आहेत आणि चांदूर रेल्वेहून रोज जाणं-येणं करतात. लोखंडात आणि ग्रीसमध्ये आयुष्य गेलेला माणूस, पण बोलणं फार कमी. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल मला आधीपासूनच संशय असतो. अमरावतीत संत्र्याची वाहतूक करणारा एकजण आपली पिकअप काढतो आहे, नऊ वर्षांची आहे पण सांभाळलेली आहे, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मी लगेच विचारलं, सांभाळलेली आहे तर विकतो कशाला. भाऊजी म्हणाले, मोठी घेऊन राहिला. मला हे उत्तर जरा जास्तच सोपं वाटलं.

मी, वडील आणि भाऊजी अमरावतीला गेलो तेव्हा गाडीमालक दारातच उभा होता. मी काही विचारायच्या आत त्यानं स्वतःहून सांगायला सुरुवात केली: मागचे स्प्रिंगचे पाटे एकदा बदलले आहेत, बॅटरी जुनी आहे, फिटनेसचं पासिंग चार महिन्यांत येईल, क्लच मात्र आत्ताच नवा टाकला आहे, हे त्याचं बिल. विकणारा माणूस न मागता बिल दाखवतो म्हटल्यावर मी ते बिल उजेडात धरून पाहिलं. शिक्का होता, सही होती. तरी मनात पाल चुकचुकलीच. मी पायाखालची मॅट उचलून खालचा पत्रा पाहिला, दाराच्या कडेला नखानं रंग खरवडून पाहिला, किलोमीटरचा काटा मागे फिरवला आहे का ते पाहायला पेडलचं रबर किती झिजलं तेही पाहिलं. हे सगळं मी मोबाईलवर शिकून गेलो होतो. भाऊजींनी एवढंच केलं की इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, वर तळहात धरला, धूर किती येतो ते पाहिलं आणि म्हणाले, इंजिन बरं हाय. मग ते मालकाला घेऊन फाटकापाशी गेले आणि दोघं हलक्या आवाजात हिंदीत बोलले. दोन मिनिटं असतील, तीन असतील. मी ती दोन मिनिटं लक्षात ठेवली.

मालकाकडे दुसरं कोणी भेटायला आलं, म्हणून त्यानं किल्ली आमच्या हातात दिली आणि फिरवून आणा म्हणाला. मी चालवायला बसलो, मधे वडील, खिडकीशी भाऊजी. शहराबाहेर रस्त्याला लागून एक नांगरून टाकलेलं वावर दिसलं. तोपर्यंत वडिलांनी गाडीभोवती चक्कर मारण्यापलीकडे काही केलं नव्हतं. ते म्हणाले, थांबव.

मी थांबवली. त्यांनी वावराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याचं चाक बांधता येते का?"

मी आधी हसलो. पण मग मला सुचलं, आणि सुचलं म्हणून मी खूशही झालो. दोर कशाला, गाडीला हँडब्रेक असतो, तो ओढला की मागची चाकं बांधल्यासारखीच. वडिलांना हे समजावून सांगताना मला आपण फार हुशार आहोत असं वाटल्याचं चांगलं आठवतं. हँडब्रेक पुरता ओढून मी पहिला गिअर टाकला आणि गाडी वावरात घातली. इंजिन गुरगुरलं, गाडी थरथरली, आणि ब्रेकला घासत फिरणाऱ्या मागच्या चाकांवर ती पुढे सरकली. वडील खाली उतरून गाडीच्या बाजूनं चालत होते, जोडीच्या बाजूनं चालत तसेच, मान थोडी वाकडी करून. एक फेरी झाली. त्यांनी बोटानं आणखी एक म्हणून सांगितलं. मग तिसरी. केबिनमध्ये थोडा जळका वास आला, तो मी जुन्या गाडीचा समजलो. तिसरी फेरी संपता संपता भाऊजी खिडकीतून सासऱ्यांना म्हणाले, "बस झालं मामाजी, चला आता. तो वाट पाहून राहिला असन."

वडिलांनी गाडीच्या तोंडावर थाप मारली. "ओढते," ते म्हणाले, आणि हसले. जोडी जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. भाऊजींची घाई मात्र मी फाटकापाशी झालेल्या दोन मिनिटांच्या शेजारी मनात नोंदवून ठेवली.

गाडी घरी आली आणि तिचं खरं रूप दिसायला लागलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. आता सांगायचं तर नऊ वर्षांच्या डिझेल गाडीला जे होतं तेच तिला होत होतं. थंडीत सकाळी ती चालू व्हायला कुरकुर करायची, पांढरा धूर सोडायची, आणि हर्रासीची वेळ हातची जायची. त्यात बॅटरी गेली, हीटर प्लग गेले. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी सापडलं. रेडिएटरचा पाइप फुटला. मागचा एक पाटा तुटला. पासिंग आलं, त्यासाठी दिवे, पट्ट्या, रंग असं सगळं करावं लागलं. विमा आला. टायरवर नव्यानं रबर चढवलेलं निघालं. गाडी घेताना आपण किमतीशी घासाघीस करतो आणि गाडी मग वर्षभर आपल्याशी करत राहते. गावातला मिस्त्री दर वेळी म्हणायचा की जुन्या गाडीत हे यायचंच. मी त्याच्याकडेही संशयानं पाहायचो, कारण पाइप फुटायच्या आदल्याच दिवशी त्यानं बॉनेट उघडलं होतं.

पण सगळ्यात जास्त त्रास दिला ओढीनं. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून भरलेली गाडी चढावर नुसती ओरडायची, इंजिनचा आवाज वाढायचा आणि वेग वाढायचा नाही. डिझेल जास्त जायला लागलं. मला खात्री पटली की आपल्याला खराब गाडी माहीत असूनही गळ्यात मारली आहे. आणि माहीत असणारा माणूस एकच होता. गाडी त्यानं शोधली, मालकाशी बाजूला तो बोलला, वडील परीक्षा घेत असताना चला चला तो म्हणाला. आणि गाडी घेतल्यावर महिन्याभरातच त्याच्या हातात नवा मोबाईल होता. चार गोष्टी मी अशा जुळवल्या की पाचवीची गरज उरली नाही.

मी हे वडिलांना सांगितलं. एकदम नाही. आज थोडं, चार दिवसांनी थोडं. वडील आधी म्हणायचे, जवाई तसे नाहीत. मग म्हणायला लागले, काय सांगावं. मग एके दिवशी गावातल्या चहाच्या टपरीवर ते कोणालातरी सांगताना मी ऐकलं की गाडीत जवायानं खाल्ले. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आपल्या बाजूनं एक साक्षीदार झाला, असंच वाटलं.

बडनेऱ्याला नात्यातल्या एका मुलीचं साक्षगंध होतं. पंगतीऐवजी उभ्यानं जेवण. भाऊजी हातात ताट घेऊन त्यांच्या दोन सहकाऱ्यांशी बोलत होते, ताई बाजूला होती. त्या दिवशी सकाळीच माझी गाडी अकोल्याच्या वाटेवर अडकली होती, मी बसनं आलो होतो, आणि माझं डोकं फिरलेलं होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "भाऊजी, त्या गाडीत तुमाले किती भेटले, तेवढं सांगून टाका. चोराले चोर म्हनायले मी भेत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताट टेबलाखाली ठेवलं, नळावर हात धुतले आणि निघून गेले. ताई त्यांच्या मागे गेली. अर्धं जेवलेल्या त्या ताटातला वरणाचा डाग मला अजून दिसतो.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, ज्या घरात माझ्या नवऱ्याला चोर म्हणतात त्या घरचं पाणी मी पिणार नाही. त्यानंतर ती आली नाही. आई गेल्यापासून ती दर महिन्याला यायची. वडिलांची नखं कापून द्यायची, कारण त्यांना जवळचं नीट दिसत नाही आणि ते सुनेला पायाला हात लावू देत नाहीत. त्यांच्या औषधांच्या पट्ट्या तपासायची, एक दिवस राहून जायची. आता ते थांबलं. वडील म्हणायचे, नाही येत तर नाही येऊ दे. पण महिना भरत आला की ते दुपारच्या बसच्या वेळेला फाट्याकडे तोंड करून बसायचे, आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखं करायचो.

असे पाच महिने गेले. मग एका सकाळी वांग्यांची पोती घेऊन अकोल्यात उड्डाणपुलाच्या चढावर गाडी पार थांबली. इंजिन ओरडत होतं आणि गाडी मागे सरकत होती. मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या खानदानाचा उद्धार केला. चार माणसांनी ढकलून मला खाली आणलं आणि जवळच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं. मिस्त्री वयस्क, चष्म्याला दोरी बांधलेला. मी आधीच सांगून टाकलं की गाडी आम्हाला फसवून विकली आहे, तेव्हा सगळं माझ्यासमोर उघडायचं. तो हो म्हणाला आणि मला बसायला स्टूल दिलं.

दुपारी त्यानं क्लचची प्लेट माझ्या हातात ठेवली. काळीठिक्कर, काचेसारखी गुळगुळीत, कडेनं चिरा गेलेली. इंजिनच्या ज्या लोखंडी चाकावर ती बसते त्यावर निळे डाग पडले होते. त्यानं मागचे ब्रेकचे ड्रम काढायला लावले. त्यांच्यावरही तसेच निळे डाग.

"हे घासून घासून नाही गेली," तो म्हणाला. "हे जाळेल हाय. हँडब्रेक ओढून गाडी कोनं चालवली?"

मी म्हणालो, आधीच्या मालकानं. तो मान हलवून म्हणाला की असं दिसत नाही. प्लेट जवळपास नवीच आहे, तिच्यावरचा कारखान्याचा हिरवा रंग एका बाजूला अजून शाबूत आहे, हिला वर्षही झालेलं नसावं. मी उठून गाडीतला कप्पा उघडला. ते बिल तिथेच होतं. त्यावर लिहिलेला प्लेटचा नंबर आणि माझ्या हातातल्या जळक्या प्लेटवरचा नंबर एकच होता. मालक खरं बोलला होता. क्लच नवाच होता. आणि हँडब्रेक ओढून नांगरलेल्या वावरात ही गाडी तिच्या आयुष्यात एकदाच चालली होती, तेव्हा तिच्या स्टिअरिंगवर माझे हात होते.

तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला असं लिहायला बरं वाटलं असतं. पण मी तसा माणूस नाही. मी ती प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेलो, कारण पहिल्यानं प्लेट बदलून दुसरीच जळकी दाखवली असेल, अशी मला शंका आली. नंबर तोच असूनही आली. दुसऱ्यानं प्लेटचा वास घेतला आणि विचारलं, गाडी चिखलात फसली होती का, एवढी कावून रगडली? त्याच्या दुकानासमोर फूटपाथवर मी किती वेळ बसलो होतो, माहीत नाही. मला लाज वाटत होती. त्याहून खालची गोष्ट अशी की लाजेबरोबरच एक हिशेब मनात चालू होता: हे कोणालाच माहीत नाही. प्लेट फेकून दिली की झालं. भाऊजींना तर चोर म्हणून झालेलंच आहे.

मी प्लेट फेकली नाही, पण सांगितलंही नाही. गाडी दुरुस्त होऊन घरी आली, नवा क्लच लोण्यासारखा चालायला लागला, आणि मी नऊ दिवस गप्प बसलो. वडिलांना सांगायचं म्हणजे त्यांच्या परीक्षेनं गाडी जाळली हे सांगायचं. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाकडे जोडी उरली नव्हती, बाजारात जाणं उरलं नव्हतं. चार गावांत नाव होतं ते या परीक्षेचं. ते काढून घ्यायचं कसं? असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर मी वडिलांच्या आड लपलो होतो.

दहाव्या दिवशी शेजारच्या गावचा एकजण जुनी गाडी घ्यायची म्हणून सल्ला विचारायला आला. वडिलांनी त्याला सांगितलं की नात्यातल्या माणसाला मधे घालू नका, आमच्या जवायानं पाहा काय केलं. तो मान हलवत होता, त्याला पटत होतं. हा माणूस उद्या हेच दुसऱ्या गावात सांगेल, हे मला दिसलं. तो गेल्यावर मी आतून ती प्लेट आणली आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवली.

"बाबा, भाऊजीनं काही केलं नाही. आपन केलं. हँडब्रेक ओढून तीन फेऱ्या मारल्या ना, तवा हे जळली. हँडब्रेकचं मायंच डोकं."

मग त्यांनी प्लेट मांडीवर घेतली. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून अंगठ्यानं तिच्या कडा चाचपल्या, चिरांवरून नख फिरवलं, नाकाशी नेऊन वास घेतला. बैलाचं खूर पाहत तसंच सगळं सावकाश केलं. क्लच म्हणजे काय, तो कुठे असतो, हे त्यांनी मला विचारलं. मी दोन तळहात एकमेकांवर घासून दाखवले. ते समजले.

"बैल असता त बसला असता," ते म्हणाले. "आपल्याले समजलं असतं. हे बसलीच नाही. ओढत राह्यली."

त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून गाडीपाशी उभे होते. म्हणाले, चांदूरले चाल.

रविवार होता. बार्शीटाकळीहून चांदूर रेल्वे काही जवळ नाही. मी पूर्ण रस्ता काय बोलायचं ते जुळवत होतो आणि मोडत होतो. भाऊजींच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा ते अंगणात सायकलची साखळी लावत बसले होते. वडिलांना पाहून ते उठले, काळे हात मागे घेतले आणि कोपरांनीच दार ढकलून या म्हणाले. ताई दारात आली. वडिलांना पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जागच्या जागी उभी राहिली.

वडील घरात गेले नाहीत. अंगणातच उभं राहून त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना देवापुढे सोडून कुठे टोपी काढताना पाहिलेलं नाही.

"जवाई," ते म्हणाले, "मायी पारख चुकली. गाडीत चुकली अन् तुमच्यातबी चुकली. चार मानसात तुमचं नाव मी घालवलं."

भाऊजींना काय करावं ते सुचेना. हात ग्रीसचे, त्यामुळे वडिलांना धरताही येईना. ते घाईघाईनं म्हणाले, "नाही मामाजी, गाडीत नाही चुकली. इंजिन चांगलंच हाय ते. तुमी आधी बसा." मग ताई पुढे झाली आणि वडिलांना दंडाला धरून आत घेऊन गेली.

अंगणात आम्ही दोघं राहिलो. मी जुळवून आणलेलं सगळं विसरलो होतो. सरळ सांगितलं: क्लच जळाला होता, तो कसा जळाला, बिल खरं होतं. ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर नवल दिसलं नाही. तेव्हा मला समजलं.

"तुमाले माहीत होतं," मी म्हणालो.

ते चिंधीला हात पुसत होते. "दुसऱ्या फेरीलेच वास आला होता मले. आयुष्य त्याच वासात गेलं मायं."

"मंग सांगतलं कावून नाही?"

"आठ दिवसाआधी जोडी गेलती मामाजीची. तुयी ताई म्हने, बाबा बोलतच नाहीत. त्या दिवशी वावरात ते हसले. तवा म्हनू काय, मामाजी तुमी गाडी जाळून राहिले? म्हटलं, होईन क्लचचा खर्च, पुढे पाहू. चला चला म्हटलं, चौथी फेरी तरी टळली."

"अन् साक्षगंधात? तिथं मी तुमाले..." मला तो शब्द पुन्हा उच्चारता आला नाही.

"तिथं सांगतलं असतं त मी सुटलो असतो," ते म्हणाले. "पन मंग सगळ्याइसमोर मामाजीचं हसं झालं असतं."

ज्या माणसाच्या गप्प राहण्याचा मी वर्षभर पुरावा केला होता, तो माणूस माझ्याच वडिलांसाठी गप्प राहिला होता. आणि मी त्याच वडिलांच्या कानात त्याच्याविरुद्ध विष ओतत होतो. फाटकापाशी ते त्या मालकाशी काय बोलले आणि तो मोबाईल कुठून आला, हे मी तेव्हा विचारलं नाही, पुढेही कधी विचारणार नाही. तो अधिकार माझा मीच घालवला आहे.

मी त्यांच्या पायांकडे वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. संकोचानं घेतले की आणखी कशानं, हे मला ठरवता आलं नाही. दुसरी कोणतीही वेळ असती तर मी मनातच ठरवून टाकलं असतं, आणि मग तेच धरून महिनोन्‌महिने बसलो असतो. या वेळी मी विचारलं.

"भाऊजी, राग गेला का तुमचा?"

त्यांनी जरा विचार केला. आतून ताईचा आवाज येत होता, ती वडिलांना गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारत होती.

"नाही गेला," ते म्हणाले. "जेवून जा पन."